घरून परीक्षा आणि समोर कॅमेरा: तुम्हाला कसं वाटतं?

कोरीपुरवणी

नमस्कार मंडळी,

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, कर्वेनगरला कॉट बेसिसवर राहते. आमच्या सेमिस्टरच्या परीक्षा आता पुन्हा कॉलेजातच होतात. पण कंपन्यांच्या पहिल्या फेरीच्या टेस्ट घरून, सर्टिफिकेशन घरून, आणि माझी ताई नोकरी सांभाळून ऑनलाइन एमबीए करतेय, तिची तर सगळी डिग्रीच घरून. प्रकार सगळीकडे तोच. ओळखपत्र कॅमेऱ्यासमोर धरा, चेहरा जुळवा, लॅपटॉप हातात घेऊन खोली फिरवून दाखवा, टेबलाखालचं दाखवा, कॉटखालचं दाखवा. मग पेपर उघडतो आणि वरच्या कोपऱ्यात दोन तास आपलाच चेहरा.

मी कॉपी करत नाही. तरी त्या दोन तासांत अर्धं डोकं पेपरात असतं आणि अर्धं आपण कसे दिसतोय यात. विचार करताना वर छताकडे बघायची मला शाळेपासून सवय आहे. घरच्या टेस्टला वर बघितलं की पिवळी पट्टी येते, 'कृपया स्क्रीनकडे पाहा'. मग मी स्क्रीनकडे बघत बसते आणि उत्तर काही सुचत नाही. प्रश्न पुटपुटत वाचायचं तर सोडूनच दिलंय. मागच्या टेस्टला शेजारच्या इमारतीत ड्रिल मशीन सुरू झालं, तर लक्ष विचलित झाल्याचं वाईट वाटायच्या आधी हेच मनात आलं की माइकने हे पकडलं असेल का.

आणि खोली माझी एकटीची नाही. आम्ही चौघी राहतो. माझी टेस्ट असली की बाकीच्या तिघी जिन्यात नाहीतर टपरीवर. दोरीवर चौघींचे कपडे असतात, ते आधी गोळा करायचे. ते रेकॉर्डिंग कोण बघतं, किती दिवस ठेवतात, हे मला तरी कुठे लिहिलेलं सापडलं नाही. 'मी सहमत आहे' वर टिक केल्याशिवाय पुढे जाता येत नाही, म्हणून मी सहमत आहे.

तुमचं काय? सवय होते का याची? शिक्षक मंडळी असतील तर त्यांचंही ऐकायचंय.

टवाळ

छतावर नक्की काय लिहिलंय ते सांगा, मग पुढे बोलू.

कोरीपुरवणी

@टवाळ, घरमालकांचे नियम. रात्री दहानंतर गीझर लावू नये.

सदाशिवपेठी

मला यात नवीन काय ते कळलं नाही. आम्ही परीक्षा दिल्या तेव्हाही डोक्यावर पर्यवेक्षक उभा असायचाच. भरारी पथक आलं की बूट काढायला लावायचे. १९८२ पासून महाराष्ट्रात परीक्षेतल्या गैरप्रकारांवर स्वतंत्र कायदा आहे, तो उगाच झाला का? कॉपी करायची नसेल तर बघू दे की कोणी किती बघतंय ते. कर नाही त्याला डर कशाला.

रानजाई

@सदाशिवपेठी काका, फरक आहे. वर्गातला पर्यवेक्षक चाळीस जणांकडे मिळून बघतो, फेऱ्या मारतो, मध्येच खिडकीशी जाऊन उभा राहतो. तुम्ही खोकलात तर त्याला कळतं की खोकला आहे. हात वर केला की येतो, पुरवणी देतो, प्रश्नात छपाईची चूक असेल तर विचारून येतो. आणि मुख्य म्हणजे तो आपल्या घरी येऊन कपाटाखाली वाकून बघत नाही.

इथे हात वर केला तर तीच संशयास्पद हालचाल. खाली चॅटची खिडकी असते, तिच्यात लिहायचं तर पेपरातला वेळ जातो, आणि समोरून ठरलेलं वाक्य येतं. माझ्या टेस्टला नेट गेलं आणि परत आलं, तेव्हा 'तुमचं सत्र तपासणीसाठी नोंदवले गेले आहे' एवढंच. पुढे काय झालं, कोणी तपासलं, काही पत्ता नाही. निकाल आला तो फक्त 'निवड झाली नाही'. गुण कमी पडले की नेट गेल्यामुळे बाद केलं, हे मला आजही माहीत नाही. गुण कमी पडले असते तर मी गप्प अभ्यासाला लागले असते.

चष्मिष्ट

रानजाईला +१. माझ्या चष्म्यात स्क्रीन चमकते म्हणून 'डोळे दिसत नाहीत'. चष्मा काढला तर मला प्रश्न दिसत नाहीत.

धायरीची आई

विद्यार्थी नाही, आई आहे. पण परीक्षा आमचीही असते म्हणून लिहिते. मुलाची घरून टेस्ट असली की कुकर लावायचा नाही, मिक्सर नाही, बेलची बॅटरी काढून ठेवायची. सासऱ्यांना ऐकू कमी येतं, ते टीव्ही मोठ्याने लावतात, तर त्यांना खालच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे पाठवते. एकदा कामाच्या मावशी झाडू घेऊन दारात आल्या आणि लेकाने एवढ्या जोरात हात हलवला की त्या घाबरल्या. नंतर तोच रडवेला, 'हात हलवला ते रेकॉर्ड झालं असणार'. घरातलं माणूस घरात दिसलं म्हणून मुलाला घाम फुटावा, हे काही बरं नाही वाटलं मला.

आणि गुरुवारी टेस्ट ठेवू नका हो कोणी. आमच्याकडे लाईट जायची ती गुरुवारीच.

मुठाकाठचा

ताई, लाईटचं एक वेळ सांगून तरी जाते. मी नदीपात्राजवळ राहतो. जुलै लागला की संध्याकाळी ढोल पथकांचा सराव. टेस्ट सहा वाजता. खिडक्या लावून, पंखा बंद करून बसलो तरी माइकची पट्टी लाल. शेवटी चॅटमध्ये 'फेस्टिवल ड्रम्स' असं लिहिलं. पलीकडचा माणूस कुठल्या देशातला होता कोण जाणे, तो म्हणाला कृपया आवाज बंद करा. म्हटलं बाबा रे, ते माझ्या हातात असतं तर!

मास्तर

धागालेखिकेने शिक्षकांना विचारलंय म्हणून सविस्तर लिहितो. पुण्यातच शिकवतो, कॉलेजचं नाव नको.

आधी हे मान्य करा की कॉपीचा प्रश्न खरा होता. ६ जुलै २०२० ला यूजीसीने अंतिम वर्षाच्या परीक्षा सप्टेंबरअखेरपर्यंत घ्यायला सांगितलं, २८ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरलं, आणि ज्यांनी उभ्या आयुष्यात ऑनलाइन परीक्षा घेतली नव्हती त्यांनी काही आठवड्यांत ती उभी केली. बहुपर्यायी प्रश्न, घरून, कोणी बघायला नाही. पेपर सुरू झाल्यावर पंधरा मिनिटांत उत्तरं व्हॉट्सॲपवर फिरायची. वर्षभर वर्गात न दिसलेली मुलं नव्वदच्या घरात, आणि जी खरोखर अभ्यास करत होती ती आमच्यापुढे येऊन विचारायची, 'सर, आम्ही वेडे आहोत का?' त्यांना काय उत्तर द्यायचं? कॅमेरा आला तो या मुलांनीही मागितला म्हणून आला. हे विसरून चालणार नाही.

आता दुसरी बाजू. कॅमेऱ्याची परीक्षा झाली की सॉफ्टवेअर आमच्याकडे यादी पाठवतं. अमुक विद्यार्थी, संशयाचे गुण इतके, क्लिप इतक्या. त्या बघायला माणूस लागतो, आणि तो माणूस मी. पहिल्या वर्षी मी रात्री जेवण झाल्यावर बसून बघायचो. काय बघितलं सांगू? आई चहाचा कप ठेवून जाते. लहान भाऊ येऊन मांडीवर बसतो. एक मुलगा पत्र्याच्या खोलीत, पाऊस चालू, वर थेंब पडतोय म्हणून दर मिनिटाला वर बघतोय. त्याचे संशयाचे गुण वर्गात सगळ्यात जास्त. एक मुलगी मध्ये दोन मिनिटं नुसती रडली आणि परत लिहायला लागली. ते बघायचा मला काय अधिकार होता? दुसऱ्या दिवशी ती मुलगी कॉरिडॉरमध्ये 'गुड मॉर्निंग सर' म्हणाली आणि मी दुसरीकडे बघितलं.

कॉपी सापडली का? सापडली, पण बरीचशी सॉफ्टवेअरमुळे नाही. दोघांच्या उत्तरात स्पेलिंगच्या चुकाही सारख्या होत्या, त्यावरून.

सदाशिवपेठी

मास्तर, पत्र्याच्या खोलीचं वाचून बोलायचं सुचेना. पण मग तुमच्याच म्हणण्याप्रमाणे प्रामाणिक मुलांचं काय? त्यांच्यावर अन्याय होऊ द्यायचा?

बायनरी_भाऊ

सॉफ्टवेअरमध्ये काम करतो (प्रॉक्टरिंगच्या, म्हणजे परीक्षेवर नजर ठेवणाऱ्या नाही, शिव्या नकोत). आत काय चालतं ते थोडक्यात सांगतो, कारण इथे बऱ्याच जणांना वाटतंय की मशीनला 'कॉपी' कळते. कळत नाही. चौकटीत एक चेहरा आहे की शून्य की दोन, डोकं किती अंशात वळलं, आवाज ठरावीक पातळीच्या वर गेला का, फुल स्क्रीन सुटली का, दुसरा मॉनिटर जोडलाय का, कॉपी-पेस्ट झालं का, एवढ्याच गोष्टी ते मोजतं. त्यांची बेरीज करून आकडा काढतं आणि त्या आकड्याला संशय म्हणतं. छताकडे बघणारी मुलगी आणि भिंतीवर चिकटवलेली चिठ्ठी बघणारा मुलगा त्याला सारखेच.

मग पकडतं किती? नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठात याची चाचणी घेतली होती, निष्कर्ष २०२१ मध्ये आले. ३० विद्यार्थी, त्यातल्या ६ जणांना मुद्दाम कॉपी करायला सांगितलेलं. सॉफ्टवेअरने सहापैकी एकालाही पकडलं नाही. माणसांनी रेकॉर्डिंग पाहिलं तेव्हा एक सापडला. नमुना छोटा आहे, मान्य. पण ज्याला फसवायचंय तो कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर फसवतो, आणि ज्याच्या घरात गर्दी आहे तो कक्षेत सापडतो, हे कळायला तीस माणसंही पुष्कळ झाली.

सदाशिवपेठी काका, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यातच आहे. प्रामाणिक मुलांना याने संरक्षण मिळत असतं तर गोष्ट वेगळी होती.

मास्तर क्लिप बघत बसले हेही अपवादच समजा. मे २०२१ मध्ये प्रॉक्टरयू या अमेरिकन कंपनीने नुसत्या मशीनच्या भरवशावरची सेवा विकणं बंद केलं. त्यांनीच सांगितलेलं कारण असं की संशयाची खूण लागलेल्या परीक्षांपैकी कॉलेजं जेमतेम ११ टक्के प्रत्यक्ष उघडून बघतात. आणि रेकॉर्डिंग कुठे जातं म्हणाल, तर २०२० मध्ये याच कंपनीच्या सुमारे ४ लाख ४४ हजार वापरकर्त्यांची माहिती बाहेर फुटली होती. व्हिडिओ नव्हे, नाव-पत्ता-ईमेल वगैरे. तरीही.

टवाळ

म्हणजे मशीन संशय घेणार, माणूस तपासणार नाही आणि मुलगा नापास होणार. आमच्या सोसायटीचं कामकाज असंच चालतं.

स्पर्धाचालू

सगळे एकाच बाजूने बोलताय म्हणून उलट लिहितो. नवी पेठेत अभ्यासिकेत बसतो, मूळचा बीड जिल्ह्यातला. केंद्रावर परीक्षा म्हणजे काय हे पुणेकरांना कळत नाही. केंद्र लागतं दोनशे किलोमीटरवर. आदल्या रात्रीची एसटी, स्टँडवर झोप, सकाळी तोंड धुऊन रांगेत. मुलींबरोबर वडील येतात, त्यांचा एक दिवसाचा रोज बुडतो. ज्या परीक्षा घरून झाल्या त्यांत माझे हे पैसे वाचले. कॅमेरा बघतो तर बघू दे, मी हेडफोन काढून ठेवतो आणि लिहितो. गावाकडून आलेल्याला प्रायव्हसी वगैरे नंतर सुचते, आधी भाडं सुचतं.

फक्त एक. अभ्यासिकेत बसून ही टेस्ट देता येत नाही, मागे माणसं दिसतात. आणि माझ्याकडे अभ्यासिकेशिवाय शांत जागा नाही. मित्राच्या गाडीत बसून दिलीय एक.

रानजाई

@स्पर्धाचालू, तुमचं भाड्याचं अगदी पटलं. पण गाडीत बसून द्यावी लागली, म्हणजे त्यांनी खर्च वाचवला आणि हॉल तुम्हाला शोधायला लावला.

चाकावरची

मी व्हीलचेअर वापरते. घरून परीक्षा माझ्यासाठी वरदान आहे. कित्येक केंद्रांवर रॅम्प म्हणजे जिन्यावर टाकलेली फळी, आणि वर्ग दुसऱ्या मजल्यावर. त्यामुळे ही सोय काढून घ्या असं कोणी म्हणू नका. पण मला दर थोड्या वेळाने बसायची जागा बदलावी लागते, नाहीतर पाठ धरते. प्रत्येक वेळी 'उमेदवार चौकटीबाहेर'. आधी मेल करून कळवलं होतं, उत्तरही आलं होतं की नोंद घेतली. परीक्षेच्या दिवशी समोर जो होता त्याच्यापर्यंत ती पोहोचलीच नव्हती. कॅमेऱ्यापेक्षा मला त्याचाच राग जास्त.

वकिलीण

आयएलएसला कायदा शिकतेय, अजून सनद नाही, त्यामुळे हा सल्ला समजू नये.

खोली दाखवायला लावण्यावर परदेशात खटला झालाय. अमेरिकेत ओहायोमध्ये क्लीव्हलँड स्टेट विद्यापीठाच्या एका विद्यार्थ्याला फेब्रुवारी २०२१ मध्ये रसायनशास्त्राच्या परीक्षेआधी खोली फिरवून दाखवायला सांगितलं. त्याच्या टेबलावर कराची कागदपत्रं पसरलेली होती, तसं त्याने कळवलंही, पण शेवटी दाखवली. मिनिटभराचाही प्रकार नव्हता. तो कोर्टात गेला आणि २२ ऑगस्ट २०२२ ला न्यायाधीशांनी म्हटलं की सरकारी विद्यापीठाने अशी खोली बघणं म्हणजे घराची झडती आहे आणि ती त्यांच्या घटनेत बसत नाही.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाचा २४ ऑगस्ट २०१७ चा पुट्टस्वामी निकाल आहे. नऊ न्यायाधीशांनी एकमताने खाजगीपणा मूलभूत हक्क ठरवला. पण मूलभूत हक्क प्रामुख्याने सरकारविरुद्ध मागता येतो. कोरीपुरवणीची टेस्ट घेणारी कंपनी खाजगी, तिथे हा मार्ग सरळ नाही. त्यासाठी २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे. संमती मोकळेपणाने दिलेली हवी, कशासाठी माहिती घेतोय ते सांगायला हवं, काम संपल्यावर ती पुसायला हवी, असं त्यात आहे. अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने आहे. 'टिक कर नाहीतर नोकरी विसर' ही संमती मोकळी कशी, हे कधीतरी कोर्टापुढे येईलच.

अवांतर: आमच्याच क्षेत्रातला किस्सा. बेंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०२० मध्ये क्लॅटमधून, म्हणजे विधी विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश परीक्षेतून, बाहेर पडून स्वतःची घरून द्यायची प्रवेश परीक्षा १२ सप्टेंबरला घेतली. लॅपटॉप, वेबकॅम, नेट सगळं विद्यार्थ्याने आणायचं. २१ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि प्रवेश क्लॅटमधूनच द्यायला लावले. पैसे भरून, खोली रिकामी करून दिलेली माझ्या मैत्रिणीची परीक्षा नऊ दिवसांत गेली.

चष्मिष्ट

नेदरलँड्सवरून आठवलं. ॲमस्टरडॅमच्या फ्राय विद्यापीठात रॉबिन पोकॉर्नी नावाच्या कृष्णवर्णीय विद्यार्थिनीला सॉफ्टवेअर ओळखेचना, म्हणून ती तोंडावर दिवा पाडून परीक्षा द्यायची. तिथल्या मानवाधिकार संस्थेने डिसेंबर २०२२ मध्ये सकृद्दर्शनी भेदभाव दिसतो असं म्हटलं. २०२३ च्या अंतिम निर्णयात तिच्या बाबतीत सॉफ्टवेअरने भेदभाव केल्याचं सिद्ध झालं नाही, पण विद्यापीठाने तिची तक्रार नीट हाताळली नाही यावर बोट ठेवलं. चाकावरचीचं आणि तिचं दुखणं एकच. आमच्या होस्टेलवर सावळ्या मुली दोन-दोन टेबल लॅम्प उसने घेऊन बसतात. कोणी कुठे तक्रार केलेली नाही, सगळ्या फक्त दिवा जवळ ओढतात.

सदाशिवपेठी

इतकं वाचल्यावर 'कर नाही त्याला डर कशाला' मागे घेत नाही, पण डर कोणाला वाटतेय ते कळलं. ज्याच्याकडे स्वतंत्र खोली आहे त्याला वाटत नाही. माझ्या नातवाला आहे, म्हणून तो कधी कुरकुरला नाही. मास्तर, मग उपाय काय? तुम्ही आता कशी घेता परीक्षा?

मास्तर

ज्या विषयाला मुलं साठ आहेत तिथे मी कॅमेरा सोडला. पुस्तक उघडं ठेवून पेपर. प्रत्येकाला आकडे वेगळे. 'कात्रजपासून शिवाजीनगरपर्यंतच्या एका मार्गाची माहिती स्वतः गोळा करा आणि तिच्यावर हे गणित करा' अशा धर्तीचे प्रश्न. मग प्रत्येकाशी पाच मिनिटं तोंडी: हे पाऊल का घेतलंस, ही संख्या बदलली तर काय होईल. दुसऱ्याचं उतरवलेलं पहिल्या मिनिटात उघडं पडतं. साठ गुणिले पाच म्हणजे पाच तास. दोन दिवसांत होतं.

बायनरी_भाऊ

आणि जिथे एका टेस्टला पन्नास हजार अर्ज येतात तिथे? तिथे पाच मिनिटं तोंडी कोण घेणार? एआय आल्यापासून उघड्या पुस्तकाचा पेपरही सोपा राहिलेला नाही, सर.

मास्तर

नाही राहिला. म्हणून तोंडी परीक्षा. पन्नास हजारांचं माझ्याकडे उत्तर नाही. पण त्या टेस्टचा उद्देश ज्ञान तपासणं नसून अर्ज कमी करणं आहे, हे तरी त्यांनी स्पष्ट सांगावं. चाळणीच लावायची तर ती मुलांच्या घरातली शांतता बघून लागू नये. चारशे संगणकांचे हॉल पुण्यात आहेत, सीईटी तिथेच होते. भाडं कंपनीने भरावं. स्पर्धाचालूच्या एसटीचंही.

स्पर्धाचालू

सर, हे लेखी द्या. फ्रेम करून लावतो.

कोरीपुरवणी

सगळ्यांचे आभार, इतकं येईल वाटलं नव्हतं. सवय होते का, याला कोणीच हो म्हटलेलं नाही, हेही कळलं.

एक अपडेट. वकिलीणताईंचं वाचून मी टेस्ट घेणाऱ्यांना मेल केला. तीनच गोष्टी विचारल्या. रेकॉर्डिंग किती दिवस ठेवता, ते कोण बघतं, आणि माझ्यावर खूण लागली तर ती क्लिप मला दाखवाल का. दोन मिनिटांत उत्तर आलं: 'आपण आमच्या मूल्यांकन अनुभवात रस दाखविल्याबद्दल धन्यवाद. कृपया आपला अनुभव पाच ताऱ्यांमध्ये नोंदवा.'

टवाळ

किती दिले?

वकिलीण

तारे राहू देत. ते आपोआप आलेलं उत्तर आहे. वेबसाइटच्या तळाशी गोपनीयता धोरण असतं, त्यात तक्रार अधिकारी किंवा संपर्क म्हणून एखादा पत्ता सापडतो का बघ. तोच मेल तिथे परत पाठव, कॉलेजच्या प्लेसमेंट ऑफिसला प्रत जोड. विषयात परीक्षेची तारीख आणि तुझा उमेदवार क्रमांक टाक, नाहीतर म्हणतील सापडत नाही. आणि चाकावरची, तुम्हीही 'नोंद घेतली' असं लिहिलेला तो जुना मेल पुसू नका, त्याचा उपयोग होईल.

धायरीची आई

वकिलीणबाई, त्या मेलचा मजकूर इथे टाकाल का? लेकाची पुढची टेस्ट आहे. गुरुवारीच.